एडिटर आधी कुठं बघतो

कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मशीनला धूळ चालत नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं. दाराबाहेर चपलांची ओळ लागे आणि परत येताना देवळाबाहेर होते तशीच शोधाशोध होई. आत गारठा इतका की भर उन्हाळ्यात स्वेटर न्यावा लागे. आई दारापर्यंत मागं यायची आणि म्हणायची, "मे महिन्यात स्वेटर कशाला न्यायलीस गं वंदे? डोकं फिरलंय का काय तुझं?" बसमध्येही बायका त्या स्वेटरकडं बघत. पण विद्यानगरच्या बाजूला असलेल्या आमच्या कॉलेजच्या त्या खोलीत पाऊल टाकलं की मला बाहेरचं जग उरत नसे. काचेपलीकडं एकच मोठं मशीन घुमत असायचं आणि अलीकडं आमच्यासाठी पडदे आणि कळफलक ओळीनं मांडलेले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत. मी एक अक्षर दाबलं की ते काचेपलीकडं जाऊन परत येतं आणि मग मला दिसतं, हे समजल्यापासून मी प्रत्येक अक्षर जरा आदरानंच दाबायला लागले होते. श्रीनिवास मला चिडवायचा, "वंदना, वो गरम नै है, दाबो आराम से."

या मशीनवर लिहायचं तर एक एडिटर होता. एडिटर म्हणजे लिहिण्या-खोडण्याचा प्रोग्रॅम, दुसरं काही नाही. माऊस नव्हता. वर-खाली, डावीकडं-उजवीकडं सरकायचं ते कळफलकावरच्या चार अक्षरांनी, आणि ती चारही उजव्या हाताखाली येत. डाव्या हाताखालच्या अक्षरांना वेगळी कामं होती. त्यातलं 'डी' हे खोडण्याचं. दोनदा दाबलं की अख्खी ओळ नाहीशी. एकदा बोटांना सवय लागली की माणूस त्यावर असा पळायचा की बघत राहावं. मी आजही त्याच एडिटरमध्ये लिहिते. माझ्या भावाची मुलगी तेजू पुण्याहून इथं नोकरीला आली आहे, माझ्याकडंच राहते. ती म्हणते, "आत्या, हा एडिटर तर म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे." ठेव बाई, मी म्हणते, पण मला पण त्याच्या शेजारी ठेव.

आमचं घर नारायणगुड्यात होतं. खाली अण्णांचं धान्याचं दुकान, वर आम्ही आणि काका-काकू. अण्णा नांदेडकडचे, शेती भावकीकडं सोपवून आलेले, आईही तिकडचीच. काकू पुण्याची. सकाळी खाली पोती उतरवताना हमालांचा तेलुगूत गलका, वर आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, शेजारच्या घरातला रेडिओ, आणि या सगळ्यात काकूचं "अगं बाई, आजही इतकं तिखट?" हे आमचं रोजचं संगीत होतं. काकू लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा एकच होता. तिनं पहिल्याच आठवड्यात वरणात गूळ आणि आमसूल घातलं. अण्णांनी पहिला घास घेतला, हात थांबवला आणि विचारलं, "वरणाचा साखरपुडा केला काय आज?" काकू आत जाऊन रडली. मग तिनं आईच्या डब्यातल्या काळ्या तिखटाच्या वाटीत आपला गोडा मसाला ओतून ठेवला, म्हणजे तिखटाची धार तरी कमी होईल म्हणून. आईला ते ठाऊक नाही. तिनं नेहमीच्या हातानं येसराची आमटी केली आणि ती ना इकडची झाली ना तिकडची. त्या दिवशी दोघींनी एकमेकींशी जो अबोला धरला तो मोडायला अण्णांना बेगम बाजारात जाऊन दुसरा डबा आणावा लागला. तेव्हापासून नियम ठरला. सकाळी आई, संध्याकाळी काकू. चूल तीच, भांडी तीच, डाळीचा डबाही तोच. पण जी उभी राहील तिनं आधी आपल्या फळीवरचा आपला डबा काढायचा. आईच्या पितळी डब्याचं झाकण जड, ते दबक्या आवाजात निघे. काकूचं स्टीलचं, ते खणकन वाजे. आम्ही बाहेरच्या खोलीत बसून झाकणाच्या आवाजावरून आज जिभेला काय सोसायचंय ते ओळखत असू.

शेवटच्या वर्षी कॉलेजनं प्रोजेक्टसाठी चौघांचे गट केले आणि मशीनवर जागा कमी म्हणून दर गटाला एकच लॉगिन दिलं. एक नाव, एक पासवर्ड, एकच डिरेक्टरी, म्हणजे आता ज्याला फोल्डर म्हणतात ते. आमच्या गटात मी, श्रीनिवास, गिरीश आणि नसीम. गिरीश नावालाच होता, त्याला क्रिकेटमधून सवड नसे. श्रीनिवास वरंगळचा, हुशार आणि उतावळा. आणि नसीम. काचीगुड्याच्या मागच्या गल्लीत राहणारी, बारीक, बोलकी. लहानपणी उसाच्या चरकात तिचा उजवा हात सापडला होता. त्याला अंगठा आणि एक बोट एवढंच उरलं होतं. ती तो हात ओढणीखाली ठेवायची नाही. कुणी टक लावून बघितलं तर तोच हात पुढं करून म्हणायची, "देखना है तो नजदीक से देखो. टिकट नक्को." वर्गात तिच्याइतकं गणित कुणाला येत नव्हतं. पण एडिटरमध्ये तिचं घोडं अडायचं. सरकायच्या चारही कळा उजव्या हाताखाली, तिथं तिचं एकच बोट पळून पळून थकायचं.

आणि मग एके दिवशी तिनं मला हाक मारली, "वंदना, इधर आ, जादू दिखाती." तिनं डाव्या हाताची बोटं कळांवर ठेवली आणि डाव्या हातानं ती पडद्यावर सरसर पळायला लागली. वर, खाली, इकडं, तिकडं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. तिनं सांगितलं ते असं: हा एडिटर दर वेळी उठतो तेव्हा त्याला स्वतःबद्दल काहीच ठाऊक नसतं. उठल्याबरोबर तो आधी आपल्या डिरेक्टरीत जाऊन सेटिंगची एक छोटी, सहसा न दिसणारी फाइल वाचतो, आणि तिथं जे लिहिलं असेल तसा वागतो. त्या फाइलमध्ये तिनं उजव्या हाताच्या चार कळा आणि डाव्या हाताच्या चार कळा यांची अदलाबदल केली होती. वर जायची कळ खोडण्याच्या जागी, खोडण्याची वर जायच्या जागी. बस्स, इतकंच. मला त्या रात्री जेवताना चव कळली नाही. इतका मोठा, इतका अवघड प्रोग्रॅम, आणि उठल्यावर पहिलं काम काय करतो, तर 'मी कसं वागू' हे विचारायला जातो! माणसांत मी असं कुणी बघितलं नव्हतं.

पण लॉगिन चौघांचं एक, म्हणून ती फाइलही चौघांची एकच. दुसऱ्या दिवशी श्रीनिवास बसला. त्यानं सवयीनं वर जाण्यासाठी कळ दाबत नेली आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक ओळ पुसली जायला लागली. त्याला वाटलं, सेटिंगची फाइल बिघडली. शोधून त्यानं ती काढून टाकली, आणि कुणाला काही सांगायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. हे होऊन एक दिवसही गेला नसेल, शेषगिरी सर प्रोजेक्ट बघायला आले. सर मोठे कडक. चष्म्यावरून बघत आणि फार थोडं बोलत. त्यांनी नसीमला बसवलं. "अम्मा, ऊपर जाओ. वो हिसाब वाला हिस्सा दिखाओ." नसीमनं डावा हात ठेवला आणि वर जाण्यासाठी कळ दोनदा दाबली. ओळ गेली. तिनं परत दोनदा दाबली. पुन्हा ओळ गेली. ती भराभर दाबत गेली आणि तिनं आठवडे घालवून लिहिलेलं एकेक ओळ करून पडद्यावरून नाहीसं होत गेलं. घाबरून तिनं फाइल बंद केली, तीही साठवून. गेलेलं गेलंच.

 सरांनी तिच्या हाताकडं बघितलं, आणि मला त्यांचं ते बघणं अजून आठवतं, कारण त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, ये काम तुम्हारे लिए नै है शायद. मैं हेड से बोलता, तुमकू कुछ लिखने का काम दे देंगे." लिखने का काम म्हणजे प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही म्हणजे डिग्रीवर त्याचा शिक्का नाही, आणि तो नाही म्हणजे या धंद्यात नोकरी नाही. नसीमला हे माझ्याइतकंच कळलं. तिनं बाहेर येऊन चपला शोधल्या, त्या सापडेनात, तेव्हा पहिल्यांदा मी तिला रडताना बघितलं. "बस हो गया वंदना. अब्बा वैसे भी बोलरे थे, कायकू जाती बोल्के. मैं नै आती कल से." मी म्हटलं, सेटिंगची फाइल श्रीनिवासनंच काढली असणार, परत लिहू. ती म्हणाली, "तू लिखी तो वो मिटा देगा. वो लिखा तो मेरा हाथ मिटा देगा. कित्ते बार?"  फाइल एक आणि हात दोन तऱ्हांचे.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होती आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसून राहिले. आई ओट्यावरून आपलं आवरून उठत होती, काकू पदर खोचत आली. चुलीवर आईनं शिजवून ठेवलेली डाळ तशीच होती. काकूनं डाळीकडं बघितलंही नाही. आधी हात वर करून आपल्या फळीवरचा आपला डबा काढला. झाकण खणकन वाजलं. हे मी जन्मभर बघत आले होते. त्या दिवशी मात्र माझ्या अंगावर काटा आला. काकू आईच्या डब्यातलं काही बदलत नव्हती. तिला ते बदलायची गरजच नव्हती. तिनं फक्त दुसऱ्या फळीकडं हात नेला होता. मी मोठ्यानं विचारलं, "काकू, तू आईच्या फळीवर का नाही बघत?" काकू म्हणाली, "अगं, माझा डबा तिथं नाही म्हणून! काय झालंय तुला?" आई बाहेरून म्हणाली, "स्वेटर घालून उन्हात फिरायली ना, दुसरं काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मी शेषगिरी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले.  विचारलं ते असं: "सर, एडिटर सेटिंगची फाइल त्याच जागी बघतो. का? त्याला तिथंच बघ असं कुणी सांगितलंय?" सरांनी चष्मा काढला. इतके दिवस मी त्यांना चष्मा काढताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "बनाने वाला बोला, इसलिए वहाँ देखता. मगर अम्मा, बनाने वाला एक बात और सोचा. तुम शुरू करने से पहले उसकू दूसरी जगह बताए तो वो पहली जगह जाताच नै. सीधा वहाँ जाता, जहाँ तुम बोले." आणि त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर एक ओळ लिहून दिली. एडिटर सुरू करायच्या आधी मशीनला सांगून ठेवायची ओळ: सेटिंग इथली नको, तिथली वाच.

मला तेव्हा काय वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही, इथं प्रयत्न करते. मी जामबागेतल्या मराठी शाळेत पाढे म्हणत होते तेव्हा, समुद्रापलीकडं कुठंतरी, मला कधी न भेटणाऱ्या एका माणसानं हा प्रोग्रॅम लिहिला. लिहिताना त्यानं ठरवलं, फाइल इथं असेल. आणि मग तो थांबला असणार. त्याला वाटलं असणार, एखाद्याला ही जागा सोयीची नसेल तर? तो कोण असेल, त्याची अडचण काय असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. चरक ठाऊक नव्हता, काचीगुडा ठाऊक नव्हता. तरी त्यानं वाट ठेवली. मी सरांसमोर उभी असताना माझे डोळे भरून आले आणि सर गडबडले. "क्या हुआ अम्मा? गलत बोला क्या मैं?" मी नुसती मान हलवली.

मी तशीच काचीगुड्याला गेले. नसीमच्या अम्मीनं मला आधी खिचडी आणि चिंचेचा खट्टा वाढला, मगच बोलू दिलं; रिकाम्या पोटी आलेल्या माणसाचं त्या घरात कुणी ऐकून घेत नसे. नसीम कोपऱ्यात बसून भावाची वही तपासत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "और श्रीनिवास?" मी म्हटलं, त्याची फाइल त्याच्या जागी, तुझी तुझ्या. तो तुझ्या हाताला हात लावणार नाही, तू त्याच्या. अम्मीला यातलं काही कळलं नव्हतं, पण ती म्हणाली, "अगे जा की. इत्ती दूर से आई पोट्टी." नसीमनं ओढणी सारखी केली.

मग आम्ही दोघींनी लॉगिनच्या पाठीमागं चालणारी एक चिठ्ठीएवढी आज्ञा लिहिली. नसीमच्या डोक्यातली ती युक्ती. माझा वाटा फक्त टंकण्याचा. आत आलं की पडद्यावर एकच प्रश्न उमटायचा, रोमन अक्षरांत: KAUN? आपलं नाव टाकायचं, की एडिटर त्या नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथली सेटिंग वाचायचा. श्रीनिवासला बोलावून दाखवलं. तो सगळं बघून लाल झाला. "मैं समझा खराब हो गया बोल्के निकाल दिया. बोलना था ना नसीम!" नसीम म्हणाली, "तू पूछना था ना." मग गेलेला हिसाब आम्ही तिघांनी जुन्या प्रिंटवरून परत लिहून काढला, आणि त्यात सगळ्यात जास्त ओळी श्रीनिवासनं लिहिल्या, न सांगता.

सर पुन्हा आले तेव्हा आम्ही त्यांना एक खेळ दाखवला. एकच पडदा, एकच कळफलक. आधी श्रीनिवास बसला. KAUN? त्यानं नाव टाकलं, उजव्या हातानं भराभर वर गेला, खाली आला, उठला. त्याच गरम खुर्चीत नसीम बसली. KAUN? तिनं नाव टाकलं. आणि तोच एडिटर, तीच फाइल, तिच्या डाव्या हाताखाली अशी वळायला लागली की खोलीतली बाकीची पोरंही उठून मागं उभी राहिली. ती वर गेली, हिसाबाच्या भागावर थांबली, सरांनी सांगितलेला बदल तिथल्या तिथं केला. एकही ओळ गेली नाही. सर तिच्या हाताकडं बघत नव्हते, पडद्याकडं बघत होते. मग म्हणाले, "हेड से बोलने की जरूरत नै." आणि चष्मा पुसत निघून गेले. त्या दिवशी घरी संध्याकाळी काकूचं गूळ घातलेलं वरण होतं आणि मी ते तीनदा मागून घेतलं. अण्णा म्हणाले, "हिचं काहीतरी बिघडलंय."

नसीम नंतर मुलींच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागली, तिथूनच निवृत्त झाली, मलकपेटला राहते. मी आयुष्यभर हाच धंदा केला. मशीनं बदलली, ती खोली गेली, चपला घालून कॉम्प्युटरसमोर बसायला लागले. माणसं आपली सेटिंग खिशात घालून फिरतात, एडिटरला सांगतात इथून वाच, तिथून वाच, आणि तेजूसारख्या पोरी ते जांभई देत करतात. मला मात्र प्रत्येक नव्या मशीनवर ती ओळ लिहिताना अजूनही तो समुद्रापलीकडचा माणूस आठवतो.

मागच्या वर्षी मला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परतला, हात नाही. दवाखान्यातून आल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि सरकण्यासाठी उजवा हात उचलायला गेले. तो मांडीवर होता तिथंच राहिला. मी झाकण लावून टाकलं आणि तेजूला सांगितलं, हे आता कुणाला तरी देऊन टाक. लिहायला घेतलेलं हे आठवणींचं पुस्तक तेव्हा अर्धंच होतं. तेजूनं काय केलं, तर मला न विचारता मलकपेटला फोन केला.

नसीम दुसऱ्या दिवशी दुपारी आली. केस पांढरे, चालताना धाप लागते, पण तोंड तेच. माझ्या हाताकडं तिनं अगदी जवळून, टक लावून बघितलं आणि म्हणाली, "टिकट नक्को ना?" मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. मग ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. डावा हात आणि ते एक बोट. तेजू तिच्या खांद्यावरून बघत होती आणि पहिल्यांदाच जांभई देत नव्हती. काम झाल्यावर नसीमनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न उभा होता.

KAUN?

मी डाव्या हातानं एकेक अक्षर शोधून नाव टाकलं: nasim. एडिटर उघडला, आणि त्याच हातानं मी एकेक ओळ वर गेले.